आतलं आतच राहू दे

तू दवाखाना हाती घेतेयस म्हणून काही गोष्टी सांगून ठेवते. औषधं आणि त्यांचे डोस तू माझ्यापेक्षा नवे शिकून आली आहेस, त्यात मी पडणार नाही. मला बोलायचंय ते पेशंटच्या गुपिताबद्दल. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात शेजारच्या खाटेवर कोण आहे हे पेशंटला ठाऊक नसतं. आपल्या तालुक्याच्या गावात तुझा पेशंट, त्याचा भाऊबंद, ज्याच्याशी बांधावरून दावा चालू आहे तो माणूस आणि त्याच्या मुलीचा होणारा सासरा, असे सगळे एकाच बाकावर नंबर लावून बसलेले असतात.

आपलं बोलणं बाहेर जाणार नाही याची खात्री नसेल, तर पेशंट खरं सांगत नाही. त्याच्या मनात लबाडी नसते, भीती असते. पुरुष "अशक्तपणा वाटतो" म्हणतो आणि त्याला बोलायचं असतं बायकोजवळ जाण्याबद्दल. बाई "कंबर दुखते" म्हणते आणि तिला सहा महिने अंगावरून जात असतं. मग तू रक्त तपासतेस, लोहाच्या गोळ्या देतेस, महिन्याने तीच व्यक्ती तीच तक्रार घेऊन परत येते. खरी गोष्ट पुष्कळदा उठता उठता, दाराच्या कडीला हात गेल्यावर निघते: "डॉक्टर, अजून एक विचारायचं होतं…" बाहेर कितीही गर्दी असो, हे ऐकलं की त्यांना परत बसव. गुपित सांभाळणं हे उपचारानंतरचं सौजन्य नाही. निदानाची सुरुवातच तिथून होते.

हे काही आजच्या कायद्याने शिकवलेलं नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, गुरू शिष्याला बजावतो की रोग्याच्या घरात गेल्यावर तुझं मन आणि वाणी रोग्याच्या भल्याशिवाय दुसरीकडे वळू देऊ नकोस, आणि त्या घरातल्या गोष्टी बाहेर काढू नकोस. आपण दिवसभर लोकांच्या घरात शिरत असतो, फक्त ते घर आपल्या खुर्चीसमोर येऊन बसतं.

आता जागेचं बघ. तपासणीच्या खोलीचं प्लायवूडचं पार्टिशन छताला टेकलेलं नाही, वर हातभर फट आहे. ती तू आधी बुजवून घे. तोवर एक कर. दवाखाना बंद असताना सिस्टरला आत बसवून नेहमीच्या आवाजात बोलायला सांग आणि तू बाहेर बाकावर बस. किती ऐकू येतं ते तुला कळेल. माझं टेबल दारापासून लांब, मागच्या भिंतीशी आहे ते याचसाठी. पेशंटची खुर्ची समोर नको, टेबलाच्या कडेला हवी. तिथून माणूस पुटपुटला तरी तुला ऐकू येतं. कमी ऐकू येणाऱ्या म्हाताऱ्यांशी ओरडून बोलावं लागतं आणि त्यांच्या लघवीच्या तक्रारी अख्ख्या बाकाला कळतात. त्यांच्यासाठी ड्रॉवरमध्ये पाटी-पेन्सिल ठेवली आहे. मोठ्या अक्षरात प्रश्न लिही. वाचता येत नसेल तर त्यांना सगळ्यात शेवटी घे.

काउंटरवरच्या मुलीने "काय होतंय?" असं विचारायचं नाही. नाव, वय, पत्ता पुरे. बाकीचं आत. पुकारताना नंबर पुकारावा. रजिस्टर उघडं ठेवून ती चहाला गेली तर लोक उलटं धरलेलंही वाचतात, आणि वाचलेलं चावडीवर पोचायला वेळ लागत नाही. रिपोर्ट बंद पाकिटात, ज्याचा आहे त्याच्याच हातात. आणि लघवी तपासायला दिली की बाटली घेऊन सगळ्यांसमोरून यावं लागू नये, म्हणून संडासात फळी ठोकून घेतली आहे. बाटली तिथेच ठेवायची, सिस्टर नंतर नेते. एवढ्याशा फळीमुळे कितीतरी बायकांनी तपासणी टाळायचं सोडलं.

नातेवाइकांना बाहेर कसं बसवायचं हे कुणी शिकवत नाही. सुनेबरोबर सासू येते, मुलाबरोबर बाप येतो, म्हातारीबरोबर मुलगा. एखाद्याच सासूला "तुम्ही बाहेर थांबा" म्हटलंस तर तिचा अपमान होतो, आणि घरी गेल्यावर सुनेला विचारणा होते, आत एवढं काय बोललीस? म्हणून नियमच कर, सगळ्यांना सारखा. आधी सगळे एकत्र बसा, मग तपासणीच्या वेळी पेशंट एकटा, मग पुन्हा सगळे आत. "काकू, बीपी आणि वजन करून घेते, तुम्ही बाहेर टेका, लगेच बोलावते." रोज सगळ्यांशी तसंच झालं की कुणाला शंका येत नाही. अंगाला हात लावायची तपासणी असेल तेव्हा सिस्टर आत हवी. तुझ्या जागी कधी पुरुष डॉक्टर बसले तर बाईच्या तपासणीला सिस्टर असायलाच हवी. पण प्रश्न विचारताना तिसरं माणूस नको, सिस्टरसुद्धा. आणि परत आत आलेल्या सासूला काय सांगायचं, हे सुनेला आधी विचार. "रक्त कमी आहे एवढंच सांगू का?" असं विचारलं की ती मान हलवते, तिचा जीव भांड्यात पडतो.

स्टाफचं सांगते. कंपाउंडर, सिस्टर, झाडूवाली मावशी, सगळी याच गावची माणसं. त्यांना गप्प बसायला सांगून भागत नाही, गप्प कसं बसायचं हे शिकवावं लागतं. गिरणीत कुणी विचारलं, "काल तमक्याची सून आली होती का गं?", तर "नव्हती" हे खोटं झालं आणि "मला माहीत नाही" यावर कुणाचा विश्वास बसत नाही. "दवाखान्यातलं आम्ही सांगत नाही, मॅडमना चालत नाही." दोष माझ्यावर टाकायचा, आता तुझ्यावर टाकायचा. कामावर घेताना हे कागदावर लिहून सही घे, आणि सहीपेक्षा महत्त्वाचं म्हणजे तू स्वतः चहाच्या वेळी पेशंटचे किस्से सांगू नकोस. मालकीण बोलते म्हटल्यावर नोकर का थांबेल?

तुझं स्वतःचं वागणंही बदलेल. हळदीकुंकवाला, लग्नात, बाजारात पेशंट भेटली तर तब्येतीची चौकशी तू आधी करू नकोस. "आता कसं आहे?" या तीन शब्दांत शेजारच्या चार बायकांना कळतं की हिला काहीतरी झालं होतं. तिने विषय काढला तरच बोल, आणि तेही "दवाखान्यात या, निवांत बघू" म्हणून. काहीजणी रस्त्यात ओळखही दाखवत नाहीत. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. त्यांना तू मानसिक त्रासाच्या गोळ्या देत असतेस आणि ती ओळख त्यांना लोकांसमोर नको असते.

सगळ्यात अवघड प्रसंग म्हणजे स्थळाची चौकशी. लोक येतात, आणि भली माणसं येतात. पेढे घेऊन येतात. "मॅडम, फक्त हो की नाही एवढंच सांगा, पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे." तुलाही वाटेल की मुलीचं नुकसान होऊ नये. उत्तर एकच ठेव: "माझ्याकडे कोण येतं आणि कशासाठी येतं, हे मी कुणाबद्दलच सांगत नाही." आणि हे उत्तर ठणठणीत माणसाबद्दलही द्यायचं. भले भले डॉक्टर इथे घसरतात. ज्याला काही आजार नाही त्याच्याबद्दल "चांगला मुलगा आहे, करून टाका" म्हणतात, आणि ज्याला फिट येते त्याच्याबद्दल गप्प राहतात. दोन-चार सोयरिकी झाल्या की गावाला हिशेब कळतो: डॉक्टर गप्प बसले म्हणजे पाणी मुरतंय. मग तुझी चुप्पीच बोलायला लागते.

याचा अर्थ लपवाछपवीला हातभार लावायचा असा नाही. एका मुलीची फिट गोळीवर पूर्ण आटोक्यात होती. घरचे म्हणत होते, लग्नापर्यंत कुणाला कळू देऊ नका. मी घरच्यांना बाहेर बसवलं आणि तिला विचारलं, तुला काय वाटतं? ती बराच वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली आणि मग म्हणाली, "मी सांगते, पण तुम्ही शेजारी बसा." मुलगा आला. तिने स्वतः सांगितलं, मी फक्त आजार समजावला: गोळी कशी चालते, गरोदरपणाआधी कोणती औषधं बदलावी लागतात. ते लग्न जमलं नाही. पुढच्या स्थळालाही तिने तसंच सांगितलं, आणि ते जमलं. सांगायचं की नाही, कधी आणि कुणाला, हा निर्णय तिचा होता. माझं काम तिला बळ द्यायचं होतं.

लोक एक जुना दाखला देतात, तोही माहीत असू दे. 1998 साली सुप्रीम कोर्टापुढे एक प्रकरण आलं. एका माणसाच्या रक्तात एचआयव्ही सापडला, हॉस्पिटलकडून ती गोष्ट बाहेर गेली, ठरलेलं लग्न मोडलं. होणाऱ्या बायकोच्या जिवाला धोका होता म्हणून कोर्टाने हॉस्पिटलला दोष दिला नाही. पण त्यानंतर 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा आला, 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला, आणि त्याने वाट आखून दिली. पेशंटच्या संमतीशिवाय सांगायचं नाही. जोडीदाराला मोठा धोका दिसत असेल आणि समुपदेशन करूनही पेशंट स्वतः सांगणार नाही अशी खात्री पटली असेल, तर आधी पेशंटला "मी सांगणार आहे" हे कळवायचं, मगच जोडीदाराला सांगायचं, तेही समोरासमोर, समजावून. आणि सांगितल्यामुळे पेशंटला, विशेषतः बाईला, मारहाण होईल किंवा घराबाहेर काढतील अशी भीती असेल, तर डॉक्टरने सांगायचं नाही. हा भाग पाठ कर.

गर्भपाताचं तर स्पष्टच आहे. 2021 च्या दुरुस्तीने कायद्यात कलम 5ए घातलं. बाईचं नाव-गाव कायद्याने अधिकार दिलेल्या माणसाखेरीज कुणालाही सांगितलं तर डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. त्या "कुणालाही"मध्ये नवरा येतो, आई येते, तुला शिकवणारी ही तुझी मावशीही येते. मुलगी अल्पवयीन असेल तर पॉक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवावं लागतं, पण 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की तिने आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर तिची ओळख त्या कळवण्यात देण्याची गरज नाही.

सरकारला कळवणं आणि गावाला कळवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. टीबी 2012 पासून कळवायचा आजार आहे. निक्षय पोर्टलवर नोंद करायलाच हवी, त्यातच पेशंटचं भलं आहे, पोषणाचे पैसेही त्यातूनच मिळतात. पण नोंद झाल्यावर चौकशीला येणारा कर्मचारी घराच्या दारात उभा राहून मोठ्याने "टीबीचा पेशंट इथेच का?" असं विचारणार असेल, तर त्याला आधी फोन करून दवाखान्यात भेटायला सांग. पोलीस आले तर आदराने बसव, चहा दे आणि मागणी लेखी घे. लेखी मागणीत जेवढं आहे तेवढंच दे. अख्खी फाईल उचलून देऊ नकोस.

काही वेळा गुपित मोडावंच लागतं. 2002 च्या व्यवसाय-आचार नियमांत तीन वाटा दिल्या आहेत: न्यायाधीशांचा आदेश, कळवायचे आजार, आणि एखाद्या ठरावीक माणसाला किंवा समाजाला असलेला गंभीर धोका. शाळेच्या व्हॅनचा ड्रायव्हर फिटचा पेशंट आहे आणि गोळ्या बुडवतो, असं तुझ्यासमोर आलं तर तू स्वस्थ बसू शकत नाहीस. आधी त्याच्याशीच बोल. पोट त्याचं व्हॅनवर आहे हे विसरू नकोस. दुसरं काम बघायला वेळ दे, पण त्या वेळात स्टिअरिंगला हात लावायचा नाही हे ठाम सांग. ऐकलं नाही तर तू कळवणार आहेस, हे त्याला तुझ्याच तोंडून आधी कळलं पाहिजे. काय बोललीस ते केसपेपरवर तारखेसह लिही.

आता फोन. माझ्या वेळी गुपित फुटायला तोंड लागायचं, आता अंगठा पुरतो. पेशंट व्हॉट्सॲपवर रिपोर्ट पाठवतात, जखमेचे फोटो पाठवतात, नको त्या जागेच्या पुरळांचे फोटो पाठवतात. ते आपोआप गॅलरीत जाऊन बसतात, तिथून क्लाउडवर चढतात, आणि संध्याकाळी तुझं पोर कार्टून बघायला तोच फोन घेतं. दवाखान्याचा नंबर आणि फोन वेगळा ठेव. फोटो आपोआप साठवायची सोय बंद कर. लॉक स्क्रीनवर मेसेजची ओळ दिसणं बंद कर. उपचारासाठी वापरलेला फोटो केसपेपरला जोडावाच लागतो, म्हणून तो आधी नोंदीत घे आणि मग फोनमधून काढून टाक.

पेशंटचा नंबर घेताना दोन प्रश्न विचार: हा फोन कुणाच्या हातात असतो, आणि यावर मेसेज केला तर चालेल का? आपल्याकडे बायकांनी दिलेला नंबर पुष्कळदा नवऱ्याचा असतो, किंवा कॉलेजात जाणाऱ्या मुलाचा. "तुमची प्रेग्नन्सी टेस्ट पॉझिटिव्ह आहे" हा मेसेज कुणी वाचायचा? त्याऐवजी "रिपोर्ट आला आहे, दवाखान्यात या" एवढंच. फोन दुसऱ्या कुणी उचलला तर "कशाबद्दल?" असं विचारतातच. "पुढच्या तारखेबद्दल होतं, त्यांनाच फोन करायला सांगा." लसीकरणाची आठवण करून द्यायला ग्रुप काढू नकोस, सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात. ब्रॉडकास्ट लिस्ट कर.

डॉक्टरांच्या ग्रुपवर केस टाकायचा मोह तुलाही होईल, आणि त्यातून शिकायलाही मिळतं. पण पेशंटला विचारल्याशिवाय नाही. चेहरा झाकून भागत नाही. एक्स-रेच्या कोपऱ्यात नाव असतं, सोनोग्राफीवर तारीख आणि वय असतं, हातावर नवऱ्याचं नाव गोंदलेलं असतं. "आपल्या गावचे माजी सरपंच, वय 62" असं लिहून खाली नाव झाकायचं, याला काय अर्थ आहे? डोळ्यांवर काळी पट्टी मारलेले फोटो मी पाहिले आहेत, आणि पट्टीखालचा माणूस मी ओळखला आहे.

आता ऑनलाइन तपासणी. लॉकडाऊनच्या पहिल्याच दिवशी, 25 मार्च 2020 ला, टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं निघाली आणि आपण सगळे रातोरात स्क्रीनवरचे डॉक्टर झालो. त्यांत म्हटलंय की दोघांनी एकमेकांची ओळख पटवायची. पेशंटने आपणहून कॉल केला तर त्यातच संमती धरली जाते, पण कॉल तू केलास किंवा त्याच्या वतीने दुसऱ्या कुणी, म्हणजे उपकेंद्रातल्या आरोग्य कर्मचाऱ्याने वगैरे, तर स्पष्ट संमती घेऊन तिची नोंद ठेवायची. लहान मूल असेल तर शेजारी मोठं माणूस हवं आणि त्याची ओळख पटायला हवी. प्रिस्क्रिप्शनवर तुझा रजिस्ट्रेशन नंबर हवा. हे सगळं तू करशीलच.

तत्त्वांत नसलेलं सांगते. दवाखान्यात दार लावलं की आत कोण आहे हे तुला दिसतं. स्क्रीनवर तुला फक्त एक चेहरा दिसतो, खोली दिसत नाही. म्हणून पहिला प्रश्न तब्येतीचा नको. "तुमच्या खोलीत अजून कोण आहे? आत्ता बोलणं सोयीचं आहे का?" तुझ्याबाजूनेही सांग: "माझ्याकडे मी एकटी आहे, दार बंद आहे, मी हे रेकॉर्ड करत नाहीये." आणि ते खरं असू दे. गाडीतून कॉल घेऊ नकोस, ड्रायव्हरला कान असतात. घरून घेतलास तर इअरफोन लाव आणि भिंतीकडे पाठ करून बस, म्हणजे तुझ्या मागून कुणी जाणार नाही आणि तुझी स्क्रीनही कुणाला दिसणार नाही. स्क्रीन शेअर करताना आधीच्या पेशंटचं नाव उघडं राहिलेलं नाही ना, बघ.

लॉकडाऊनच्या दिवसांत एक सून व्हिडिओवर आली. फोन डब्याला टेकवून ठेवलेला, मागे मांडणीवरची भांडी दिसत होती. डोकं दुखतं म्हणत होती. प्रत्येक उत्तराआधी थांबायची, आणि नजर स्क्रीनच्या वर कुठेतरी जायची. समोर कुणीतरी उभं होतं. मी म्हटलं, आवाज नीट येत नाही, फोन कानाला लावा. मग म्हणाले, मी विचारते, तुम्ही फक्त हो-नाही करा, दुसरं काही बोलू नका. झोप लागते का? नाही. जेवण जातं का? नाही. घरात कुणी हात उगारतं का? क्षणभर काहीच नाही, आणि मग ती म्हणाली, "हो, दिवसातून दोनदा." उभ्या असलेल्या माणसाला वाटलं असेल, गोळ्यांचं चाललंय. मी तिला रक्त तपासायला प्रत्यक्ष यावंच लागेल असं मोठ्याने सांगितलं, म्हणजे फोनमधून बाहेर ऐकू जाईल असं. गावातल्या आशा कार्यकर्तीबरोबर ती आली. 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर मी तिला कागदावर दिला नाही, मेसेजही केला नाही. तोंडी पाठ करून घेतला.

म्हणून असे प्रश्न आधीच घडवून ठेव, ज्यांची उत्तरं हो, नाही किंवा आकड्यात देता येतील. वारंवार कॉल करणाऱ्या पेशंटशी खूण ठरव. "नेटवर्क जातंय" म्हटलं की तू विषय बदलायचास किंवा कॉल बंद करायचास, आणि पुन्हा कुणी आधी फोन करायचा हेही ठरलेलं असावं, नाहीतर तू परत लावलेला फोन भलत्याच्या हातात पडतो. नाजूक जागेची तपासणी कॅमेऱ्यावर करू नकोस. बोलावून घे. मनाच्या तक्रारी सांगणाऱ्याला फक्त आवाजावर बोलू दे. पुष्कळांना चेहरा दिसत नसला की मोकळं होता येतं. गच्चीवर, शेतात, मोटरसायकल कडेला लावून बोलणारे माझे पेशंट होते. घरापेक्षा त्यांना बांध सुरक्षित वाटायचा.

ई-संजीवनी या सरकारी टेलिमेडिसिन सेवेवर उपकेंद्रातून पेशंट आला तर तिकडे आरोग्य अधिकारी शेजारी असतातच, त्यांची मदत लागते. पण मागे खोकल्याचे, पोरांचे आवाज आले तर कॅमेरा एकदा फिरवून दाखवायला सांग. लस घ्यायला आलेल्या बायका त्याच खोलीत बसलेल्या असतील तर त्यांना व्हरांड्यात बसवेपर्यंत थांब.

कॉम्प्युटरचं तू माझ्यापेक्षा जास्त जाणतेस. तरी प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा ठेव. एकच पासवर्ड सगळ्यांना आणि तोही मॉनिटरला चिकटवलेला, ही पद्धत मोड. बॅकअप जाळ्यापासून तोडलेल्या डिस्कवर घे. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला तेव्हा एवढ्या मोठ्या संस्थेला कित्येक दिवस हाताने कागदावर काम करावं लागलं. 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला आहे. माहिती सांभाळण्यात कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी रुपये आहे. तो आकडा तुझ्या-माझ्यासारख्यांसाठी नसेल, पण माहिती फुटली तर पेशंटला कळवण्याची जबाबदारी त्या कायद्याने तुझ्यावरही टाकली आहे.

पण आपल्या गावात हॅकरच्या आधी रद्दीवाला येतो. भेळेच्या पुड्यावर मी एका लॅबचा रिपोर्ट वाचला आहे, नाव, वय आणि तपासणीसकट. म्हणून शेवटी त्या लोखंडी कपाटाचं. माझे जुने केसपेपर त्यात आहेत. नियमाने नोंदी उपचार सुरू झाल्यापासून किमान तीन वर्षं ठेवायच्या असतात, आणि पेशंटने मागितल्या तर 72 तासांत द्यायच्या असतात. माझ्याकडचे बरेच त्याहून जुने आहेत. बाहेर फलक लाव की ज्यांना आपले कागद हवेत त्यांनी ओळख दाखवून न्यावेत, दिवाळीपर्यंत मुदत दे. चालू पेशंटचे, कोर्टकचेरीत अडकलेले आणि ज्यांना वेगळा कायदा लागतो ते बाजूला काढ. उरलेले फाडायच्या मशीनमध्ये घाल, किंवा तू स्वतः उभी राहून जाळून घे, कंपाउंडरवर सोडू नकोस. आणि तोवर कपाट उघडून कुतूहलाने चाळत बसू नकोस. त्यात आपल्या नात्यातल्या कितीतरी जणांचे कागद आहेत. ते तुझ्याकडे तपासायला येतील तेव्हा, त्यांना विचारून, त्यांच्यासमोर काढ.